जरा, तेवढं, ना : घरी कामाला येणाऱ्यांशी बोलायची मराठी

“कामाच्या मावशींशी आणि प्लंबरशी बोलण्यापुरती मराठी शिकायची आहे. किती वाक्यं पाठ करू?”

पुण्यात कल्याणीनगरला किंवा येरवड्याच्या नव्या इमारतींमध्ये राहायला आलेला माणूस शेजारच्या मराठी घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच. कुणी चेन्नईहून आलेलं असतं, कुणी कोलकात्याहून, कुणी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षांकरता जर्मनीहून. सकाळी आठ वाजता त्यांच्या दारात ज्या बाई उभ्या राहतात, त्या लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगर, नागपूर चाळ अशा वस्त्यांमधून चालत आलेल्या असतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे आईवडील मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून पुण्यात आले. अशा दोन माणसांना एकाच स्वयंपाकघरात रोज तासभर एकमेकांशी बोलायचं असतं.

विचारणाऱ्याला उत्तर देताना आपण मराठी माणसंच अडखळतो. बोलता येतं, पण आपण काय करतो ते सांगता येत नाही. ‘तू’ला कधी ‘तुम्ही’ करायचं, ‘जरा’ कुठे घालायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. हे प्रकरण त्या शेजाऱ्यांसाठी आहे, तितकंच त्यांना उत्तर द्यावं लागणाऱ्या आपल्यासाठीही आहे.

१. यादी का पुरत नाही

आमच्या मजल्यावर राहायला आलेल्या एका तमीळ शेजारणीनं सुरुवातीला माझ्याकडून वीस वाक्यं लिहून घेतली. फरशी पुसा. भांडी घासा. उद्या लवकर या. ओला कचरा वेगळा ठेवा. कागद फ्रिजवर लावला आणि दोन दिवसांत वाक्यं पाठ केली. उच्चार तर फारच चांगले. तिसऱ्या दिवशी मावशी जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाल्या, “त्या ताई माझ्यावर चिडल्यात का हो?”

एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. पण प्रत्येक वाक्य हुकमासारखं पडत होतं. चूक शेजारणीची नव्हती, मी करून दिलेल्या यादीची होती. यादीत कामं होती, माणूस नव्हता.

अशा याद्या करण्याची खोड जुनी आहे. १८८८ मध्ये फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी हिंदुस्थानात संसार करणाऱ्या इंग्रज बायकांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं. घरच्या मालकिणीनं नोकरांची भाषा शिकावी, असा त्यांचा आग्रह होता. कारण एवढंच की हुकूम नीट देता यावेत. हुकमापुरती शिकलेली भाषा हुकमापुरतीच राहते. समोरचा काय म्हणतो आहे, ते तिच्यातून ऐकू येत नाही.

वेगळी वाट दाखवणारं एक ठिकाण येरवड्यातच आहे. १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजच्या आवारात पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं हे केंद्र १९७० सालापासून इतर राज्यांतल्या नोकरी करणाऱ्या शिक्षकांना मराठी शिकवतं. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा. याच आवारात अशोक केळकरांसारख्या भाषाशास्त्रज्ञानं मराठीच्या रचनेचा बारकाईनं विचार केला. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झाल्या. त्यांनी आणि जाई निंबकर यांनी मिळून परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि व्याकरण लिहिलं. या सगळ्यांच्या कामातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : सुटी वाक्यं द्यायची नाहीत, वाक्याचा साचा द्यायचा. साचा हाती आला की माणूस स्वतःची वाक्यं स्वतः करतो.

२. आधी हाक

साच्याचा पहिला भाग म्हणजे हाक. मराठीत कामाचं वाक्य हाकेशिवाय सुरू झालं तर ते उघडं वाटतं. “पाणी द्या” आणि “मावशी, पाणी द्या” यांत शब्द एकच वाढला, पण नातं आलं.

आपल्यापेक्षा मोठ्या असतील तर मावशी, बरोबरीच्या किंवा लहान असतील तर ताई. पुरुषांत दादा सगळ्यांत बिनधोक. वयस्कर वॉचमनला काका किंवा मामा. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना ताई. समोरून आपल्यालाही ताई, वहिनी, काकू अशी हाक येते. हल्ली मॅडम जास्त. परक्या माणसाला नात्यात ओढून घ्यायची ही रीत केवळ आपली नाही. थायलंडमध्ये घरी दुरुस्तीला येणाऱ्या कारागिराला ‘छांग’ म्हणतात, म्हणजे आपला मिस्त्रीच. आणि बोलणाऱ्यापेक्षा थोडा मोठा असेल तर ‘फी’, म्हणजे थोरला भाऊ किंवा थोरली बहीण. बँकॉकला जाऊन आलेल्या नवख्याला ‘दादा’ समजवायला एवढं एक उदाहरण पुरतं.

दोन शब्दांपाशी थांबायला हवं. पहिला ‘बाई’. लक्ष्मीबाई, सावित्रीबाई यांच्या नावातला आणि शाळेत शिक्षिकेला मारलेल्या हाकेतला हा शब्द मानाचा. तोच ‘आमची बाई आज आली नाही’ या वाक्यात उतरतो आणि माणसाचं नाव पुसून टाकतो. नव्यानं शिकणाऱ्याला मी सांगते, पहिल्या दिवशी नाव विचारा आणि नावापुढे ताई लावा. दुसरा शब्द ‘भैया’. हिंदीत तो भाऊच आहे, पण महाराष्ट्रात तो उत्तरेकडच्या माणसांवरचा शिक्का झाला. मराठी माणसाला ‘भैया’ म्हटलं तर ते त्याला परकं वाटतं, आणि उत्तरेकडच्याला मराठी तोंडून ऐकलं तर त्यात हेटाळणीचा वास येतो. ‘दादा’ दोघांनाही चालतो.

३. क्रियापदाचं शेपूट

मान कुठे असतो? मराठीत तो क्रियापदाच्या शेवटी असतो. पूस, पुसा, पुसाल का, पुसता का. ‘पूस’ घरच्या लेकराला. ‘पुसा’ मानाचं, पण आज्ञाच. ‘पुसाल का’ म्हणजे विनंती, नाही म्हणायला जागा ठेवलेली.

हिंदी येणाऱ्यांना इथे ठरावीक ठेच लागते. हिंदीतला ‘तुम’ मधल्या पायरीवरचा, आपला ‘तुम्ही’ वरच्या पायरीवरचा. आवाज सारखा म्हणून ते ‘तुम्ही ये’, ‘तुम्ही कर’ म्हणून जातात. तुम्ही आणि कर हे जोडे दोन वेगळ्या मापांचे आहेत. तुम्ही म्हटलं की करा, या, बसा.

याहून मोलाचा धडा आहे जोडक्रियापदांचा. ‘गॅलरी पुसा’ हे कोरडं वाक्य. आपण घरात असं क्वचित बोलतो. आपण म्हणतो :

गॅलरी पुसून घ्या – चाललेल्या कामात तेवढंही उरका.
गॅलरी पुसून द्या – माझ्यासाठी करा, मला हवं आहे.
गॅलरी पुसून टाका – एकदाचं संपवा.
गॅस बंद करून ठेवा – आणि तो तसाच राहू दे.

घ्या, द्या, टाका, ठेवा. एवढे चार शब्द कुठल्याही कामाला जोडता येतात. भांडी पुसून ठेवा, दार लोटून घ्या, तो जुना पाइप काढून टाका, एवढा बल्ब लावून द्या. पन्नास वाक्यांच्या यादीपेक्षा हे चार शब्द जास्त कामाचे.

आणि एक ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. हिंदीत हा फरक नाही, दोन्हीकडे हम. तमिळमध्ये मात्र आहे, म्हणून माझ्या शेजारणीला तो सांगावाच लागला नाही. “मावशी, आपण आज माळा आवरू या का?” असं तिनं म्हटलं, आणि म्हणताच स्वतः स्टुलावर चढली. ‘आपण’ म्हणून खुर्चीत बसून राहिलं तर तो शब्द खोटा पडतो.

४. ‘प्लीज’ला मराठीत काय म्हणायचं?

हा प्रश्न हमखास येतो. ‘कृपया’ हे उत्तर देऊ नये. कृपया पाटीवर असतं, रेल्वेच्या घोषणेत असतं. स्वयंपाकघरात ते कुणी बोलत नाही. थाई माणूस वाक्याच्या शेवटी पुरुष असेल तर ‘ख्रप’ आणि बाई असेल तर ‘खा’ जोडतो, की झालं वाक्य नम्र. आपल्याकडे ते काम तीन बारके शब्द वाटून घेतात.

‘जरा’ काम लहान करतो. जरा नळ बघता का? बघणं तेवढंच, पण मागणारा संकोचानं मागतो आहे हे कळतं.

‘तेवढं’ यादीतली शेवटची गोष्ट सांगतो. तेवढं झाकण लावून जा. म्हणजे बाकी सगळं झालं आहे, ते मी पाहिलं आहे.

‘ना’ आर्जव आणतो. उद्या लवकर या ना.

तमीळ शेजारणीच्या फ्रिजवरच्या कागदावर मग आम्ही लाल पेनानं हेच तीन शब्द भरले. ‘मावशी, जरा गॅलरी पुसून घ्या ना.’ चार दिवसांत जिन्यातली शंका मिटली.

‘थँक्यू’चंही तसंच. धन्यवाद सभेत. घरात आभार दुसऱ्या रूपात येतात : बरं झालं आलात. चहा टाकू का? उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.

निघताना कामाला आलेला माणूस म्हणतो, “येतो.” बाई म्हणतात, “येते.” नवख्याला वाटतं, आत येतोय, आणि तो दार उघडं धरून उभा राहतो. जातो म्हणणं अशुभ, म्हणून निघणाराही ‘येतो’ म्हणतो. त्याला उत्तर ‘या’ असं द्यायचं.

५. काय बिघडलंय ते सांगणं

‘खराब झालंय’ हे सगळ्यांत निरुपयोगी वाक्य. डॉक्टरांकडे जाऊन ‘बरं नाही’ एवढंच म्हणण्यासारखं. मिस्त्रीला क्रियापद हवं असतं, कारण मराठीत बिघाडाचं निदान क्रियापदातच असतं.

पाण्याचं घ्या. थेंब थेंब पडत असेल तर नळ ठिबकतो. सांध्यातून पाणी येत असेल तर पाइप गळतो. भिंतीवर ओल धरली असेल तर पाणी पाझरतं किंवा झिरपतं. बेसिनमधून पाणी खाली जात नसेल तर ते तुंबलंय. चोकअप झालंय असंही सर्रास म्हणतात. चारही वेळा पाणी नको तिथे आहे, पण मिस्त्री पिशवीत घालून आणणार ती हत्यारं वेगळी. ठिबकणाऱ्या नळाला बहुधा नवा वायसर पुरतो. पाझरणाऱ्या भिंतीसाठी वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमपर्यंत जावं लागतं.

आता काळ. ‘नळ गळतो’ म्हणजे त्याची ती सवयच आहे. ‘नळ गळतोय’ म्हणजे आत्ता, या क्षणी. ‘नळ गळायला लागलाय’ म्हणजे कालपरवापर्यंत ठीक होता. ‘नळ गळत होता’ म्हणजे आता थांबलाय, मग कशाला बोलावलंत? फोनवर एवढा फरक नीट सांगितला तर मिस्त्री आज यायचं की उद्या ते ठरवू शकतो.

लिंग सांभाळायला लागतं, हे खरं. नळ गळतोय, टाकी गळतेय, छत गळतंय. चुकलं तर बिघडत नाही. ‘टाकी गळतोय’ म्हटलं तरी मिस्त्री टाकीकडेच जातो, आणि बहुतेक वेळा न हसता स्वतः एकदा ‘टाकी गळतेय होय?’ म्हणून बरोबर रूप कानावर घालतो. मी पाहिलेले सगळ्यांत चांगले भाषाशिक्षक हेच.

विजेच्या बाबतीत ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली. पुढचा प्रश्न ठरलेला : “तुमच्याच घरात का बिल्डिंगमध्ये?” घरातच असेल तर “एमसीबी पडलाय का बघा.” वीज मंडळाचं विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण झालं, पण लोकांच्या तोंडी अजून ‘एमएसईबीवाले’च आहेत, तेव्हा तोही शब्द माहीत असावा. एक वाक्य मात्र न अडखळता यायलाच हवं, कारण त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो : “हात लावू नका, करंट येतोय.”

हत्यारांची नावं शिकणाऱ्याला सोपी जातात. पाना, पक्कड, पेचकस, हातोडी. काही शब्द तर समुद्रावरून आलेले. मिस्त्री, चावी, बादली, इस्त्री, पगार हे पोर्तुगिजांकडून आपल्या घरात आले आणि इतके रुळले की त्यांचं परकेपण कुणाला आठवत नाही. येरवड्याचं नाव ज्या वास्तूशी बाहेरगावचे लोक जोडतात, त्या तुरुंगाचा ‘तुरुंग’ही त्याच जहाजातून उतरला.

एक गोष्ट सांगून टाकावी. आज घरी येणारा प्लंबर मराठी असेलच असं नाही. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडई हे गाव देशभर प्लंबर पुरवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिकडचे कारागीर पुण्यातही काम करतात. अशा माणसाशी मराठीचा हट्ट धरू नये. नाव विचारावं, गाव विचारावं. त्यालाही ही भाषा आपल्या शेजाऱ्याइतकीच नवी आहे.

६. पैशांचे आकडे

भाव विचारायची तीन वाक्यं. आधी : “किती घ्याल?” मग : “सामानासकट का मजुरी वेगळी?” काम झाल्यावर : “किती झाले?” मधलं वाक्य विसरलं की शेवटी वाद होतो.

अडतं ते आकड्यांपाशी, कारण मराठी माणूस पाव-अर्ध्यांत मोजतो. सव्वा म्हणजे पाव जास्त, पावणे म्हणजे पाव कमी, साडे म्हणजे अर्धा जास्त. दीड आणि अडीच यांची नावं वेगळी. हे शंभराला लावलं की सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०, साडेतीनशे ३५०. हजारालाही तीच युक्ती.

एक हिशेब करून पाहू. मिस्त्री म्हणतो, “सामानाचे पावणेतीनशे, मजुरी दीडशे.” पावणेतीनशे म्हणजे २७५, त्यात १५० मिळवले की ४२५. मिस्त्री म्हणेल, “सव्वाचारशे झाले.” पाचशेची नोट दिली तर तो परत देईल पाऊणशे, म्हणजे ७५. हाच हिशेब दोनदा मोठ्यानं म्हटला की बाकीचे आपोआप येतात.

साध्या संख्यांतही अडचण आहेच. एकोणतीस म्हणजे वीस-नऊ नव्हे, तिसाला एक कमी. शिकणाऱ्याला हे अवघड जातं यात नवल नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी सोपी वाट सुचवली गेली तेव्हा आपल्यातच केवढी चर्चा झाली होती.

७. खाडा, उचल, बदली

महिनाभर चालणाऱ्या कामाचे तीन शब्द कुठल्याही शब्दसंग्रहात सहसा सापडत नाहीत. ठरलेल्या सुट्ट्यांपलीकडे न आलेला दिवस म्हणजे खाडा. पगारातून आधी घेतलेले पैसे म्हणजे उचल. रजेच्या दिवसांत दुसरीला पाठवणं म्हणजे बदली देणं. काम ठरवताना हे तिन्ही बोलून घ्यावेत : “महिन्याला सुट्ट्या किती? उचल लागली तर सांगा. गावाला गेलात तर बदली द्याल का?”

समजा पगार ३,००० ठरला. तीस दिवसांनी भागलं की दिवसाला शंभर. दोन सुट्ट्या ठरल्या आणि तीन दिवस बाई आल्या नाहीत, तर एकच खाडा, शंभर रुपयांचा. माझं मत विचाराल तर तोही कापू नये. आपल्या नोकरीत आजारपणाची रजा असते. तिच्याकडे ताप आला तरी रजेचा अर्ज नसतो.

या शब्दांमागे भांडून मिळवलेला इतिहास आहे. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. ‘मोलकरीण’पासून ‘घरेलू कामगार’पर्यंतचा प्रवास कागदावर झाला. बोलण्यात तो रोज थोडा थोडा करावा लागतो.

८. फुटला आणि फोडला

शेवटचा साचा बारीक आहे, पण घराची शांतता त्यावर टिकते. भांडी घासताना कप पडला, तर मावशी म्हणतात, “ताई, कप फुटला.” इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं. तसं ते नाही. मराठीत दोन क्रियापदं जोडीनं असतात : फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, सांडणं-सांडवणं, फाटणं-फाडणं. पहिलं घडून गेलेलं, दुसरं कुणीतरी केलेलं. “कप फुटला” म्हणजे अपघात झाला. “तुम्ही कप फोडला” म्हणजे मुद्दाम केलंत, निदान बेफिकिरीनं. नवखा माणूस नकळत दुसरं वाक्य बोलतो आणि समोरचीच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला कळतच नाही काय झालं.

माझ्या शेजारणीच्या घरी हे गेल्या महिन्यात घडलं. तिच्या आईनं दिलेला काचेचा मोठा बाऊल. मी तिच्याकडे बसले होते. सिंकमध्ये आवाज झाला आणि मावशी दारात येऊन ओल्या हातांनी नुसत्या उभ्या राहिल्या. शेजारीण उठली.

“फुटला का? असू दे. हाताला लागलं नाही ना?”

दोघींनी मिळून वर्तमानपत्रात काचा गुंडाळल्या. मावशींनी त्या पुडक्यावर खडूनं फुली मारली, कारण सकाळी कचरा उचलायला येणाऱ्या ताईंचा हात त्यावर पडायचा असतो. मग ओढणीला हात पुसत त्या चपला घालायला लागल्या.

“येते हं ताई. उद्या जरा उशीर होईल, आमच्या नळाला पाणी नाही.”

“बरं. या.”